बांधायचं ते वाचायचं नाही

खैरापूर, जि. अकोला
२९ जुलै २०२४

प्रिय कुंदा,

सलाम. मी अन् माझी पोरगी अरीबा जिवंत आहो, हे आधी लिहिते. तू फोन लावून राहिली असशील, पण माझा फोन खैरीच्या पुरात गेला. अरीबाचा चालू आहे. तरी म्हटलं कागदच बरा. फोनवर आपण दोघी हासतो, जुन्या मास्तरांच्या नकला करतो अन् मुद्द्याची गोष्ट राहून जाते.

मागच्या रविवारी दुपारी पाणी आलं. आपली खैरी तुले माहीत आहे, वर्षातले दहा महिने नुसती रेती. त्या दिवशी भाजी फोडणीले टाकली होती. पाणी ओट्यावर आलं तेव्हा मी झाडून बाहेर काढत होती, सांग. मग ते चुलीवर चढलं, मग अब्बाच्या फोटोपर्यंत. आमी शेजारच्या गच्चीवर गेलो. मागची भिंत आमच्या डोळ्यांसमोर बसली. अब्बाची दाभणं, सुया, खळीचं भांडं, सारं गेलं. पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा तेवढा जागच्या जागी राहिला, जड म्हणून.

नगरपरिषदेनं आमाले मराठी शाळेत ठेवलं आहे. आपल्याच. चौथीच्या वर्गात सात घरं. तू जिथं बसत होती तिथं एका म्हातारीची खाट आहे.

आता मुद्दा. आपल्या वर्गातला सूर्यभान आठवते? तो आता नगरपरिषदेत बाबू आहे. पंचनाम्याले तोच आला. म्हणे, "कुलसुमबी, घर पडलं ते मले दिसते. पण जागा कोनाची? कागदावर उत्तमराव वकील. मंग तू कोन?"

मी म्हटलं, "पस्तीस वर्षं घरपट्टी कोन भरली?"

"घरपट्टी भरली म्हणून जागा तुही होत नाई, बाई. माह्यावर काहून तापतं? मी काय नदी सोडली?"

तुझ्या बाबांनी अब्बाले ती जागा दिली तेव्हा तू अन् मी ओट्यावर चिंचोके खेळत होतो. अब्बानं त्यांच्या कोर्टाच्या फायली वीस वर्षं बांधल्या, त्याचं ते बक्षीस. वकीलसाहेब म्हणाले होते, "सत्तार, जागा तुझी. कागद कशाला? मी आहे ना." ज्यांनी आयुष्यभर लोकांचे कागद बांधले, त्यांच्यापाशी स्वतःचा एक कागद नाई.

घरकुल पाहिजे असेल तर जागेचा पुरावा पाहिजे. सूर्यभाननं रस्ता सांगतला. वकीलसाहेबांचे वारस म्हणजे तू अन् तुझा भाऊ स्वानंद. तुमी दोघांनी लिहून द्यायचं की ही जागा आमच्या वडिलांनी अब्दुल सत्तारले दिली, आमची हरकत नाई. मग त्याच जागी मले घर मंजूर होते. नाई तर माझं नाव अतिक्रमणात.

एवढं करशील न?

तुझी
कुलसुम

*

अमरावती
८ ऑगस्ट २०२४

प्रिय कुलसुम,

'करशील न' असं विचारलंस याचाच राग आला. दोन्ही हातांनी सही करीन. मजकूर काय हवा तो सूर्यभानकडून लिहून घे आणि पाठव.

तुझं पत्र वाचून सत्तारचाचांची ती कोपऱ्यातली बैठक डोळ्यांसमोर आली. बाबा त्यांना गुपचूप खटल्यांबद्दल विचारायचे, "सत्तार, काय वाटतं, जिंकू का?" आणि चाचा म्हणायचे, "साहेब, मी बांधतो. बांधायचं ते वाचायचं नाही." बाबांना ते फार आवडायचं. म्हणायचे, माझ्या पक्षकारांची सगळी गुपितं या माणसाच्या हातात आहेत आणि याला एकही ठाऊक नाही. स्वानंद त्यांच्याजवळ बसून उरलेल्या कागदांचे पतंग करायचा. मी त्याला लिहिते. तो अकोल्यातच आहे, त्याला खैरापूर किती लांब!

गंमत म्हणजे बाबा कोर्टाच्या पायरीवर प्रत्येकाला बजावायचे, तोंडी व्यवहार करू नका.

आमच्या जुईलीला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. आनंद आहे आणि फीची धाकधूकही आहे. रविकांतच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. पण ते आमचं आम्ही पाहू. तू तब्येत सांभाळ. पार्सलने चार साड्या आणि अरीबासाठी दोन ड्रेस पाठवते आहे. जुने आहेत, पण बरे आहेत.

तुझी
कुंदा

*

खैरापूर
१२ सप्टेंबर २०२४

प्रिय कुंदा,

साड्या पोचल्या. निळी मी नेसली तर सूर्यभान म्हणे, "पूरग्रस्त वाटत नाई तू." पूरग्रस्तानं कसं वाटायचं ते यांच्या एखाद्या ठरावात लिहिलेलं असेल.

आमाले शाळेतून काढलं. पोरांचं नुकसान होऊन राहिलं म्हणे, ते खरंच आहे. आता मंगल कार्यालयात आहो. भिंतीवर 'शुभविवाह' लिहिलेलं अन् खाली आमच्या गोधड्या.

सोबत बाँडपेपर पाठवून राहिली. मजकूर सूर्यभाननं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिला, तो बाँडवर उतरवून तुमी दोघांनी सह्या करायच्या. मुदत ३० सप्टेंबर.

घराच्या उरलेल्या तीन भिंतींवर पाण्याची रेघ आहे, माझ्या छातीपर्यंत. सूर्यभान म्हणे फोटो घेणारे वरून येतील, तोवर चुना मारू नको, नाई तर पाणी आलंच नव्हतं म्हणतील. म्हणून ठेवली तशीच. फोटोवाले आले नाईत. दुसरेच आले, मोजायची फीत घेऊन. माजी नगरसेवक पंजाबराव त्यांच्यासंगं होते. म्हणे नदीकाठी भिंत होणार, भिंतीमागं बगीचा होणार, फवारा होणार. मी म्हटलं, "पाण्याची हौस फिटली नाई का तुमची?" ते हासले. मग मले हळूच विचारलं, "वकीलसाहेबांचा पोरगा येते काय इकडे?"

मी म्हटलं, येईल. माझ्याच कामाले येईल.

कुलसुम

*

अमरावती
२७ सप्टेंबर २०२४

प्रिय कुलसुम,

बाँडपेपर मिळाला. लगेच सही करणार होते, पण स्वानंद फोनवर म्हणाला, "ताई, एकटीनं सही करून पाठवू नकोस. असल्या कागदाला नगरपरिषद विचारत नाही. नोंदणी केली तर पक्कं होईल. भाऊबीजेला तू येशीलच, तेव्हा दोघं मिळून करून टाकू." मला पटलं. उगाच अर्धवट करण्यापेक्षा एकदाच नीट झालेलं बरं.

मुदतीचं सूर्यभानला सांग. एवढा महिना तो सांभाळून घेईल ना? वर्गात त्याची गणितं तूच सोडवून देत होतीस.

तुझी
कुंदा

*

खैरापूर
२२ ऑक्टोबर २०२४

प्रिय कुंदा,

मुदत आपोआप वाढली. विधानसभेची आचारसंहिता लागली. आता नगरपरिषदेत काही विचारलं की एकच उत्तर, आचारसंहिता. घरकुलाची यादी? आचारसंहिता. ताडपत्री? आचारसंहिता. संडासाले पाणी नव्हतं, तर शिपाई सवयीनं तेच म्हणाला.

तुळशीच्या लग्नानंतर कार्यालयाच्या तारखा लागल्या आहेत, म्हणून तिथूनही उठवलं. मी अन् अरीबा आपल्या घरात परत आलो. मागच्या भिंतीच्या जागी ताडपत्री बांधली. वारा आला की ती इतकी फडफडते की अरीबा म्हणते, अम्मी, आपलं घर उडायची प्रॅक्टिस करून राहिलं.

एक चांगलं झालं. पुरात नगरपरिषदेची रेकॉर्डखोलीही बुडाली होती. तीन महिने फायली गच्चीवर वाळवल्या, आता त्या बांधायच्या आहेत. बायंडर कोनी उरला नाई. सूर्यभानले आठवलं की मी अब्बाच्या हाताखाली शिकली. रोजीवर लावून घेतलं. अब्बाचा शिकंजा हातगाडीवर टाकून तिथं नेला. जुन्या फायली सोडते तर आत अब्बाचीच गाठ निघते, डाव्या हाताची, दोन वेढ्यांची. ती सुटत नाई, कापावी लागते. कात्री लावताना कसंतरी वाटते.

सूर्यभान म्हणाला, "वाचू नको काही."

मी म्हटलं, "ते मले तू नको शिकवू."

भाऊबीजेले अकोल्याले येशील तर एक चक्कर टाक. भरली वांगी करीन, ताडपत्रीखाली.

कुलसुम

*

अमरावती
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय कुलसुम,

काम झालं! आधी हेच लिहिते.

रविवारी स्वानंदकडे भाऊबीज झाली. सोमवारी सकाळी तो मला नोंदणी कार्यालयात घेऊन गेला. सगळे कागद त्यानं आधीच तयार करून ठेवले होते. मी नेलेला तुझा बाँडपेपरही त्याच फायलीत होता, मी पाहिला. अंगठा घेतला, फोटो काढला, सहा-सात ठिकाणी सह्या झाल्या. "ताई, इथे. आता इथे." लहानपणी मी त्याचा हात धरून बाराखडी गिरवून घ्यायचे, तेच आठवत होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, "वाचून घेतलंत ना?" मी म्हटलं, "माझ्या भावानं केलंय." मग त्यांनी विचारलं, "राजीखुशीनं सही करताय?" मी म्हटलं, "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कोणी नाराजीनं करतं का?" सगळे हसले. स्वानंदसुद्धा.

पुढचं तो पाहणार आहे. म्हणाला, नगरपरिषदेत मी स्वतः जाऊन देतो, तू काळजी करू नकोस.

तुझ्याकडे यायचं फार मनात होतं. पण त्याची गाडी लगेच अमरावतीला सोडणार होती आणि माझ्यासाठी थांब, असं मला म्हणवेना. यंदा त्यानं पैठणी घेतली. मी म्हटलंही, अरे, इतकी भारी कशाला?

आता घर कसं बांधायचं ते ठरव. खिडकी नदीकडे ठेवू नकोस.

तुझी
कुंदा

*

खैरापूर
६ डिसेंबर २०२४

प्रिय कुंदा,

तुझं पत्र मी अरीबाले दोनदा वाचून दाखवलं. अल्ला तुले सुखी ठेवो. घरात साखर होती तेवढ्याचा शिरा केला.

निवडणूक झाली, आचारसंहिता उठली. मी रोज सूर्यभानले विचारते. तो म्हणते स्वानंदचा कागद आला नाई. मग काल म्हणे, "आला असेल, साहेबाच्या टेबलावर असेल." माझ्याकडे पाहून नाई बोलला. स्वानंदले कामाचा रगाडा असेल. तू जरा आठवण देशील?

पैठणी कोणत्या रंगाची?

कुलसुम

*

खैरापूर
१० जानेवारी २०२५

प्रिय कुंदा,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाई. फोन लावला तर वाजते अन् बंद होते.

अरीबा परीक्षेचा फॉर्म भरायले अमरावतीले आली होती, तेव्हा तुझ्या घरी आली. रविकांतभाऊजींनी दार उघडलं. म्हणाले मावशी गुरुकुंज मोझरीले गेली, चार दिवसांनी येईल. त्यांनी तिले पाणी दिलं. जवसाच्या चटणीचा डबा तिनं त्यांच्या हाती दिला. तुले मिळाला असेल. स्टीलचा आहे, झाकणावर अब्बाचं नाव कोरलेलं.

पहिली यादी लागली. माझं नाव नाई. दुसरी मार्चात लागणार.

बरी आहेस न?

कुलसुम

*

अमरावती
२१ जानेवारी २०२५

प्रिय कुलसुम,

हो, मी मोझरीला गेले होते. अरीबाची भेट हुकली, वाईट वाटलं. चटणी छान आहे. डबा कोणी तिकडे येणारं असलं की पाठवते, रिकामा कसा पाठवायचा.

माझी कंबर धरली आहे, म्हणून लिहिणं झालं नाही. स्वानंदशी बोलणं झालं. सरकारी कामाला वेळ लागतोच. दुसऱ्या यादीत होईल.

थंडी फार आहे. ताडपत्रीच्या जागी काही तरी लावून घे.

कुंदा

*

खैरापूर
१२ मार्च २०२५

कुंदा,

रमजान सुरू आहे. रोज्यात खोटं लिहू नाई, म्हणून सारं खरं लिहिते.

सोमवारी सूर्यभाननं बांधायले फायलींचा एक गठ्ठा दिला अन् तो चहाले गेला. रोज मले चहा विचारते, रोजे आहेत हे माहीत असून विचारते, मस्करीनं. त्या दिवशी विचारलं नाई. वरची फाइल नवी होती, पुरातली नव्हती. कव्हरवर लिहिलं होतं, 'नदीकाठ उद्यान, जागा संपादन, कै. उत्तमराव वकील यांची मिळकत'.

अब्बानं चाळीस वर्षं एक ओळ वाचली नाई. मी वाचली. शिकंज्यावर हात ठेवून उभी राहिली अन् सारी वाचली.

स्वानंदचा अर्ज आहे. ती जागा त्याची एकट्याची आहे अन् तिच्यावर 'एक महिला अनधिकृतपणे राहत आहे', असं लिहिलं आहे. नाव नाई, कुंदा. ज्या पोराले मी कडेवर घेऊन नदीवर नेलं, त्यानं मले 'एक महिला' लिहिलं. निम्मी जागा तो नगरपरिषदेले बगीच्यासाठी देते, वडिलांच्या नावानं. उरलेल्या निम्म्या जागेवर दुकानं बांधायची परवानगी मागते.

त्याच्या मागं तुझं हक्कसोडपत्र. तुझा फोटो, तुझा अंगठा. 'वडिलांच्या मिळकतीतला माझा सर्व हक्क मी भावाच्या लाभात राजीखुशीनं सोडत आहे.' तारीख ४ नोव्हेंबर. फोटोत तू हासून राहिली आहे.

ज्या दिवशी मी शिरा केला, त्याच्या आधीचीच तारीख.

सूर्यभान चहाहून आला. त्यानं माझं तोंड पाहिलं. म्हणाला, "वाचलं काय?" मी म्हटलं, "नाई." तो म्हणाला, "बरं केलं. ८ एप्रिलले सुनावणी आहे. हरकत घ्यायची असेल तर घेता येते. मी काई सांगतलं नाई."

अजून एक. जानेवारीत अरीबा तुझ्या दारात आली तेव्हा उंबऱ्याशी तुझ्या चपला होत्या. तपकिरी, मागच्या ईदेले मी पाठवलेल्या. पडद्याखाली तुझी पावलंही दिसली म्हणते. पोरीनं मले हे यायच्या दिवशीच सांगतलं. मी तिले म्हटलं, दुसरीच्या असतील. तुले पत्रात विचारलं नाई, कारण तू आपणहून खरं सांगशील असं वाटलं. तू मोझरी लिहिलं.

एकच विचारते. सही करताना तुले माहीत होतं?

कुलसुम

*

अमरावती
२० मार्च २०२५

प्रिय कुलसुम,

सही करताना माहीत नव्हतं. हे खरं आहे. पण या एका खऱ्याच्या आड मला लपता येणार नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीला नोंदणीची प्रत टपालाने आली. रविकांतने वाचली आणि म्हणाला, "कुंदा, हे संमतीपत्र नाही. तू हक्क सोडलास." मी स्वानंदला फोन केला. खूप बोलले. तो शांत होता. म्हणाला, "ताई, सगळ्याच बहिणी देतात सही. तुला सांगितलं असतं तर तू कुलसुमचं काढून बसली असतीस." मी म्हटलं, "तिचं काय?" तर म्हणाला, "तिला नगरपरिषद देईल कुठेतरी. अशा लोकांचं होतं काहीतरी." मी फोन आपटला.

चार दिवसांनी त्याचाच फोन आला. जुईलीच्या पुढच्या वर्षांच्या फीचं मी पाहतो म्हणाला. मी गप्प राहिले. फोन स्पीकरवर होता. रविकांत समोर बसला होता, त्यानं पेपर उचलून तोंडासमोर धरला. कुलसुम, आम्ही दोघं त्या गप्प बसण्याबद्दल आजवर एक शब्द बोललेलो नाही. मुलगी तिथे घरांचे नकाशे काढायला शिकते आहे.

मी लोभी नाही, असं मला वाटायचं. माहेर तुटेल ही भीती होती, असं मी स्वतःला सांगत होते. आई-बाबा नाहीत, दिवाळीला जायला एवढं एकच दार आहे. पण खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी होत्या आणि कुठली मोठी होती ते मी कधी तपासलं नाही. न वाचता सही करणं ही चूक. त्यानंतर वाचून गप्प राहणं, ही चूक नव्हती.

अरीबा आली त्या दिवशी मी पडद्यामागे होते. ती रविकांतला म्हणाली, "मावशीले सांगा, चटणी तिखट झाली अम्मीच्या हातून, दही घालून खा." मी ती अजून उघडलेली नाही. छान आहे म्हणून लिहिलं, तेही खोटं होतं.

तुझा बाँडपेपर स्वानंदने मला सोडताना भाऊबीजेच्या साडीच्या पिशवीत परत घातला होता. साडीच्या घडीत निघाला, कोरा. आज मी त्यावर सूर्यभानचा मजकूर उतरवला आहे. बाबांनी सत्तारचाचांना जागा दिली तेव्हा मी तिथे होते, त्यांचे शब्द मी ऐकले, आणि माझ्याकडून हक्कसोड न सांगता लिहून घेतली, हेही लिहिलं आहे. नोटरी करून सोबत पाठवते. ८ एप्रिलला मी स्वतः येईन. स्वानंदसमोर उभं राहून सांगीन.

तू मला माफ कर असं लिहीत नाही. फक्त मी येईपर्यंत काही ठरवू नकोस.

कुंदा

*

खैरापूर
२२ एप्रिल २०२५

कुंदा,

८ तारखेले सकाळी दहापासून मी नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर बसली होती. अमरावतीची प्रत्येक एसटी अरीबा स्टँडवर जाऊन पाहून येत होती. साडेबाराले तुझा मेसेज तिच्या फोनवर आला. 'स्वानंद काल घरी येऊन गेला. मला येता येत नाही. कागद आहेच तुझ्याजवळ.'

तो घरी येऊन काय म्हणाला, ते लिहू नको.

मुख्याधिकारीसाहेबांनी तुझा कागद पाहिला. चांगला माणूस वाटला. विचारलं, "सही करणाऱ्या बाई कुठे आहेत?" मी म्हटलं, कंबर धरली आहे. तुझंच खोटं तुझ्यासाठी वापरलं. स्वानंदच्या वकिलानं तुझं हक्कसोडपत्र दाखवलं. म्हणे, "या बाईंनी नोंदणी अधिकाऱ्यासमोर हक्क सोडला. ज्याचा हक्क नाही त्याच्या संमतीला अर्थ नाही. फसवणूक झाली होती तर पाच महिने गप्प का होत्या?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ह्याचं उत्तर माझ्यापाशी होतं, तुझ्या पत्रात. पत्र माझ्या पिशवीत होतं. जुईलीच्या फीचं त्यात लिहिलं आहे. मी काढलं नाई.

स्वानंद जाताना माझ्याजवळ थांबला. म्हणाला, "कुलसुमताई, मनात काही ठेवू नकोस." मी म्हटलं, "तू पतंगाले खळ लावायचा, मी बोटं धुऊन द्यायची. तेवढं ठेवते." तो घाईनं गाडीत बसला.

१५ मेच्या आत जागा खाली करायची आहे. दुसऱ्या यादीतही नाव नाई, कारण यादी जागेवाल्यांची आहे. बिनजागेवाल्यांची यादी वेगळी, ती पुढं लागेल म्हणतात. आमी अकोल्यात एक खोली पाहिली. अरीबाले तिथं झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं. तिचा फॉर्म भरलेला आहे, परीक्षा ती देणार.

उद्यानाचा फलक लागला. 'उत्तमराव वकील स्मृती उद्यान'. तोंडी दिलेल्या शब्दाले त्यांनी कधी कागद केला नाई, आता त्यांच्या नावाचा दगड झाला. उद्घाटनाचं निमंत्रण तुले येईलच.

ईदेच्या आधी मी भिंतींले चुना मारला. आठ महिने ती रेघ फोटोवाल्यांसाठी जपली होती. कोनी आलं नाई. तीन भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या. सूर्यभान म्हणाला, "पडक्या घराले चुना काहून मारतं?" मी म्हटलं, पाहुणे येतात ईदेले.

रोजीचं कामही संपलं. शेवटची फाइल तीच होती. साहेबांचा आदेश, स्वानंदचा अर्ज, तुझं हक्कसोडपत्र अन् सगळ्यांत खाली तुझा बाँड. सूर्यभान म्हणाला, "हा कागद बाद झाला, काढून टाकू काय?" मी म्हटलं, "राहू दे. आला आहे तर बांधते." दाभण मारलं, दोरा ओवला, अब्बाची डाव्या हाताची गाठ मारली, दोन वेढ्यांची. तुझ्या दोन्ही सह्या आता एका दोऱ्यात आहेत. कोनाले सोडवायच्या असतील तर कापाव्या लागतील.

अब्बाचा डबा तुझ्याकडे आहे. तो पाठवू नको. रिकामा तुझ्याच्यानं पाठवला जाणार नाई, अन् भरून पाठवशील ते माझ्या घशाखाली उतरणार नाई.

कुलसुम